बोर्डावर घड्याळ होतं, पण कुणी सांगितलं नव्हतं

चहा झाला असेल तर बसा, झाला नसेल तर कप घेऊन या. आजचा विषय जरा तांत्रिक आहे, पण त्याची सुरुवात आमच्या घरातल्या एका ओवीपासून होते.

घरातल्या वडीलधाऱ्यांचे आवाज जपून ठेवण्याबद्दल आपण मागे बोललो होतो. त्यानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, की गावी ठेवता येईल अशी छोटी पेटी घरच्या घरी करता येते का? एक बटण दाबलं की ध्वनिमुद्रण सुरू, पुन्हा दाबलं की बंद, आणि रात्री ते आपोआप इकडे आपल्याकडे पोचलं पाहिजे. उत्तर आहे, येते. मी केली. आणि माझ्या एका चुकीमुळे त्या पेटीत आमच्या मोठ्या आत्याच्या ओव्या पुसल्या गेल्या. ती चूक तुमच्याकडून होऊ नये, म्हणून आजचा हा सगळा खटाटोप.

आधी काय झालं ते सांगतो. आत्या वाईजवळच्या गावी राहते. वय चौऱ्याऐंशी. तिच्या आईच्या, म्हणजे माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या तिला येतात. आमच्या घरात आता त्या येणारी ती एकटीच. पेटी मी इथं लंडनला केली, चार आठवडे घरात चालवून बघितली, सगळं व्यवस्थित होतं. मग बॅगेत घालून गावी नेली, राउटरला जोडली आणि परत आलो.

आषाढातला पाऊस सुरू झाला. एका मंगळवारी संध्याकाळी सात वाजता आत्याने बटण दाबलं आणि चाळीस मिनिटं ओव्या म्हटल्या. फोनवर मला म्हणाली, ‘आज समदं म्हटलं बघ, लगीन, माहेर, सासर, काय ठेवलं न्हाई.’ आठ वाजता वीज गेली. ती आली गुरुवारी संध्याकाळी. पेटी आपोआप सुरू झाली, पण नेट अजून आलेलं नव्हतं. आत्याने पुन्हा बटण दाबून बघितलं, ‘चालू झालं का गं हे?’ असं शेजारणीला विचारलं, आणि बंद केलं. तीन मिनिटांचं मुद्रण.

रात्री नेट आलं आणि फाईल माझ्याकडे पोचली. फाईल एकच होती, मंगळवारच्या तारखेची. आत तीन मिनिटं, कुत्र्याचं भुंकणं आणि ‘चालू झालं का गं हे?’

असं का झालं? वीज गेली तेव्हा पेटीचं घड्याळ थांबलं. वीज आल्यावर नेट नव्हतं, म्हणून खरी वेळ विचारायची कुणाला? मग तिने शेवटची नोंदलेली वेळ धरली आणि तिथून पुढे मोजायला लागली. तिच्या लेखी तो मंगळवारच होता. मी मुद्रणाच्या फाईलला फक्त तारखेचं नाव देत होतो. तीच तारीख, तेच नाव, जुन्यावर नवं बसलं.

आता खरी बोचणारी गोष्ट. त्या पेटीतल्या बोर्डावर वीज नसतानाही चालणारं घड्याळ होतं. त्याची बटण सेलही मी स्वतःच्या हाताने बसवली होती. पण तिथं घड्याळ आहे हे मी संगणकाला सांगितलंच नव्हतं. आजच्या बोलण्यातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: कॅरिअर बोर्डावर वस्तू असणं वेगळं आणि ती संगणकाला माहीत असणं वेगळं. बसवणं हे अर्धं काम, ओळख करून देणं हे उरलेलं अर्धं.

आता पहिल्यापासून बघू. कॅरिअर बोर्ड म्हणजे काय?

रास्पबेरी पाय हे नाव बहुतेक घरांत मुलांमुळे माहीत असतं. केंब्रिजची कंपनी, आणि तिचे बोर्ड मुख्यतः वेल्समधल्या पेनकोइड इथल्या सोनीच्या कारखान्यात तयार होतात. तळहाताएवढा संगणक, त्यावरच यूएसबी, एचडीएमआय, नेटवर्कची खोबण, सगळं. पण त्याच कंपनीचा दुसरा एक प्रकार आहे, कॉम्प्युट मॉड्यूल. त्यात नुसता गाभा असतो: प्रोसेसर, मेमरी, साठवण, आणि वीज वाटून देणारे भाग. खोबण एकही नाही. वायर लावायची म्हटली तर जागाच नाही. यंत्राच्या पोटात कायमचा बसवायचा संगणक म्हणून तो केलेला आहे.

या मॉड्यूलला ज्या मोठ्या पट्टीवर बसवायचं, ती पट्टी म्हणजे कॅरिअर बोर्ड. वीज आत कुठून घ्यायची, यूएसबी किती, पडदा कुठं जोडायचा, घड्याळ हवं का, पंखा हवा का, हे कॅरिअर ठरवतो. मॉड्यूल तेच राहतं, कॅरिअर कामाप्रमाणे बदलतो. मी वापरलं ते कॉम्प्युट मॉड्यूल ४, बोलीत सीएम४, आणि कंपनीचाच आयओ बोर्ड. सीएम४ ऑक्टोबर २०२० मध्ये आलं. आकार ५५ बाय ४० मिलिमीटर, म्हणजे आगपेटीहून फार मोठं नाही.

एक सावधगिरी. २०१४ चं पहिलं कॉम्प्युट मॉड्यूल आणि त्यानंतरचं तिसरं, ही लॅपटॉपच्या मेमरीच्या पट्टीसारखी होती, कडेला सोनेरी दात असलेली. सीएम४ ला दात नाहीत, खालच्या बाजूला दोन बारीक कनेक्टर आहेत. त्यामुळे जुना कॅरिअर स्वस्तात मिळाला म्हणून घेऊ नका, बसणारच नाही.

विकत घेताना मॉड्यूलचे प्रकारही बघा. मेमरी १, २, ४ किंवा ८ जीबी. साठवण ८, १६ किंवा ३२ जीबी, मॉड्यूलवरच कायमची जोडलेली. तिला ईएमएमसी म्हणतात. साठवण नसलेल्या मॉड्यूलला लाइट म्हणतात. कॅरिअरवरची मायक्रो एसडी कार्डाची खोबण फक्त लाइटसाठी आहे. ईएमएमसी असलेल्या मॉड्यूलला ते कार्ड दिसत नाही. कार्ड घातलं, काहीच होईना, म्हणून बोर्ड खराब समजून परत पाठवणारे लोक आहेत. बोर्ड खराब नसतो. गावी ठेवायच्या पेटीला मी ईएमएमसीचं मॉड्यूल घेतलं, कारण कार्ड सैल होण्याची, कुणीतरी काढून फोनमध्ये घालण्याची भानगडच नको.

आता बसवणं. टेबल मोकळं करा, वीज जोडलेली नको. लोकरीचा स्वेटर घालून गालिच्यावर बसून हे काम करू नका. इथल्या हिवाळ्यात दाराच्या मुठीला हात लावला की झटका बसतो ना, तो झटका या चिपांना सोसत नाही. आधी एखाद्या धातूच्या वस्तूला, शक्यतो रेडिएटरच्या रंग नसलेल्या नळीला हात लावा, मग मॉड्यूल कडेने धरा.

मॉड्यूलच्या खाली दोन कनेक्टर, प्रत्येकी शंभर पिना. दोन पिनांमधलं अंतर ०.४ मिलिमीटर. म्हणजे इथं ताकदीचं काही काम नाही. कॅरिअरवर मॉड्यूलची रूपरेषा छापलेली असते आणि चार कोपऱ्यांना भोकं असतात. आधी मॉड्यूल नुसतं टेकवा. चारही भोकं जुळली म्हणजे दिशा बरोबर. मग एका कनेक्टरच्या वर अंगठ्याने सरळ खाली दाबा, बारीक टक् असं जाणवतं. मग दुसऱ्यावर. तिरकं दाबायचं नाही, मधोमध दाबायचं नाही. काढताना दोन्ही बाजू थोड्या थोड्या उचलायच्या, खाली स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायचं नाही. आणि रोज काढघाल करण्यासाठी ही जागा केलेली नाही. एकदा नीट बसवा आणि स्क्रू लावा. पेटी विमानाने जाणार असेल तर स्क्रू हवेतच.

वायफायचं मॉड्यूल असेल तर त्याचा अँटेना मॉड्यूलच्या कडेलाच असतो. त्याच्या आसपास धातू नको. माझी पहिली पेटी म्हणजे स्टीलचा लाडवाचा डबा होता. दिसायला छान, पण वायफाय पलीकडच्या खोलीतही पोचेना. धातूची पेटीच हवी असेल तर बाहेरचा अँटेना मिळतो. तो छोट्या कनेक्टरला जोडायचा आणि संगणकाला सांगायचं की आता तो वापर. तेही सांगावंच लागतं, आपोआप कळत नाही. मी डबा लाडवांना परत दिला आणि प्लॅस्टिकची पेटी घेतली.

वीज. आयओ बोर्डाला १२ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर लागतो. साध्या रास्पबेरी पायचा ५ व्होल्टचा टाइप-सी चार्जर इथं लागत नाही, तशी खोबणच नाही. अ‍ॅडॅप्टरवर आत येणारा दाब १०० ते २४० व्होल्ट असा लिहिलेला असला की तो भारतातही चालतो आणि अमेरिकेतही. इंग्लंड आणि भारत, दोन्हीकडे २३० व्होल्ट. फरक प्लगच्या पिनांचा. इकडच्या तीन चौकोनी पिना तिकडच्या भिंतीत जात नाहीत. प्रवासी प्लग लावून वर्षभर ठेवू नका, तो सैल होतो. गावातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून तिकडच्या पिनांचाच चांगला अ‍ॅडॅप्टर घ्या, फक्त १२ व्होल्ट आणि टोकावरची अधिक-उण्याची खूण बोर्डावरच्या खुणेशी जुळते का, एवढं बघा.

आता मॉड्यूलमध्ये कार्यप्रणाली भरायची. कार्ड नाही, मग भरायची कशी? आयओ बोर्डावर जे-२ नावाच्या पिनांचा एक गट आहे. त्यातल्या ईएमएमसी बूट बंद करा अशी खूण असलेल्या जोडीवर छोटा जंपर लावायचा. मग बोर्डाच्या मायक्रो यूएसबी खोबणीतून लॅपटॉपला केबल जोडायची आणि त्यानंतर वीज द्यायची. लॅपटॉपवर आरपीआयबूट नावाचं छोटं सॉफ्टवेअर चालवलं, की मॉड्यूलची साठवण पेन ड्राइव्हसारखी दिसायला लागते. मग रास्पबेरी पाय इमेजरने त्यावर कार्यप्रणाली लिहायची.

इथं दोन ठिकाणी थांबा. पहिलं, लिहिण्याआधी कोणत्या ड्राइव्हवर लिहितोय ते दोनदा वाचा. यादीत तुमची फोटोंची हार्ड डिस्कही असू शकते, आणि इमेजर आधीचं सगळं पुसतो. दुसरं, इमेजर सेटिंग विचारतो तेव्हा ‘नंतर बघू’ म्हणू नका. वापरकर्त्याचं नाव, पासवर्ड, दुरून आत शिरण्याची सोय, वायफायचं नाव, वायफायचा देश आणि टाइम झोन, सगळं तिथंच भरा. पूर्वी पाय या नावाचा ठरलेला वापरकर्ता असे. एप्रिल २०२२ पासून तो काढून टाकलाय. नाव दिलं नाहीत तर पडदा आणि कीबोर्ड जोडल्याशिवाय आत जाता येत नाही.

लिहून झालं की वीज काढा, केबल काढा आणि जंपर काढा. जंपर राहिला तर मॉड्यूल स्वतःच्या साठवणीतून सुरूच होणार नाही, लॅपटॉपची वाट बघत बसेल. केबल राहिली तर बोर्डावरच्या नेहमीच्या यूएसबी खोबणी बंद राहतात. आमच्या लेकीने यावर एक युक्ती काढली. काढलेला जंपर तिने पारदर्शक चिकटपट्टीने पेटीच्या झाकणाला आतून चिकटवला. पुन्हा लागला तर तिथंच सापडतो, आणि झाकण लावताना दिसला की खात्री होते, की तो पिनांवर नाही.

आता ओळख करून देण्याचा भाग. जरा नीट ऐका, कारण माझं घोडं इथंच अडलं.

लग्नघरात दोन प्रकारचे पाहुणे असतात. काही जण दारातूनच सांगत येतात, ‘मी नवऱ्या मुलाचा धाकटा मामा, कोल्हापूरहून आलो.’ त्यांची ओळख कुणी करून द्यावी लागत नाही. काही जण मात्र कोपऱ्यातल्या खुर्चीवर गप्प बसतात. कुणी विचारलं नाही तर जेवण होऊन निघूनही जातात, आणि नंतर अल्बममध्ये बघून आपण म्हणतो, अगं, हे आले होते?

बोर्डावरही हेच दोन प्रकार. यूएसबी आणि पीसीआय एक्स्प्रेस हे बोलके पाहुणे. यूएसबी मायक्रोफोन लावला, की तो स्वतः सांगतो मी कोण, कोणत्या जातीचा, मला किती वीज लागते. आयओ बोर्डावर पीसीआय एक्स्प्रेसची एक खोबण आहे, तिच्यात जोडपट्टी लावून वेगवान एनव्हीएमई साठवण घालता येते. तीही सुरू होताना स्वतःची ओळख देते. फक्त ती चालू मशीनमध्ये घालू नका, वीज काढूनच घाला.

पण बोलक्या पाहुण्यालाही दार उघडं लागतं. सीएम४ वर वीज वाचवण्यासाठी यूएसबी मुळात बंद असतं. ते चालू करायला कॉन्फिग डॉट टीएक्सटी नावाच्या फाईलमध्ये एक ओळ लागते. रास्पबेरी पाय ओएसच्या अलीकडच्या आवृत्त्यांत सीएम४ साठी वेगळा भाग करून ‘ओटीजी अंडरस्कोर मोड बरोबर एक’ अशी ओळ आधीच दिलेली असते. दुसरी एखादी कार्यप्रणाली घेतलीत आणि कीबोर्ड, माउस, मायक्रोफोन काहीच चालेना, तर खोबणी जळल्या असं समजू नका, आधी ही फाईल बघा. तिथं ‘डीटीओव्हरले बरोबर डीडब्ल्यूसी२, स्वल्पविराम, डीआर अंडरस्कोर मोड बरोबर होस्ट’ असं लिहिलं तरी काम होतं. दोन्हींपैकी एकच ठेवा.

गप्प पाहुणे म्हणजे आयटूसी या दोन तारांच्या जोडणीवर बसलेल्या चिपा. आयओ बोर्डावरचं घड्याळ त्यांतलंच. चिपचं नाव पीसीएफ८५०६३ए. शेजारी सीआर२०३२ बटण सेलची जागा. तिच्याबरोबर त्याच तारांवर पंख्याची चिपही आहे, ईएमसी२३०१. या चिपांना फक्त घरक्रमांक असतो. कुणी त्या क्रमांकाला हाक मारली तर ‘हो’ म्हणतात, पण मी घड्याळ आहे, मी पंखा आहे, असं कधीच सांगत नाहीत. त्यासाठी संगणकाला एक यादी द्यावी लागते: या तारांवर, या क्रमांकाला, या नावाची चिप आहे, तिच्याशी असं बोल. या यादीला डिव्हाइस ट्री म्हणतात, आणि तिला जोडायच्या पुरवणीला ओव्हरले.

म्हणून त्या फाईलमध्ये घड्याळासाठी दोन ओळी लिहायच्या. हळू वाचतो. सगळी अक्षरं छोटी, मध्ये कुठं जागा सोडायची नाही. पहिली: डीटीपॅरम, बरोबर, आयटूसी अंडरस्कोर व्हीसी, बरोबर, ऑन. दुसरी: डीटीओव्हरले, बरोबर, आयटूसी हायफन आरटीसी, स्वल्पविराम, पीसीएफ८५०६३ए, स्वल्पविराम, आयटूसी अंडरस्कोर सीएसआय अंडरस्कोर डीएसआय. नंतर मशीन पुन्हा सुरू करा.

ही फाईल २०२३ च्या बुकवर्म आवृत्तीपासून बूटच्या आतल्या फर्मवेअर या फोल्डरमध्ये आहे, त्याआधी नुसत्या बूटमध्ये होती. आणि फाईलमध्ये चौकटी कंसात मथळे दिसतील. एखाद्या मथळ्याखाली लिहिलेली ओळ फक्त त्याच मॉडेलला लागू होते. तुमची ओळ चुकून दुसऱ्या मॉडेलच्या मथळ्याखाली गेली, तर ती अगदी शुद्ध लिहिलेली असूनही वाचली जात नाही. चौकटी कंसात ऑल असं लिहिलेल्या मथळ्याखाली लिहा, म्हणजे प्रश्न मिटला.

ओळख झाली की नाही, हे कसं बघायचं? आयटूसी डिटेक्ट नावाची कमांड आहे, तिला दहा क्रमांकाची वाहिनी तपासायला सांगायची. ती एक तक्ता दाखवते. घड्याळाचा घरक्रमांक ५१, पंख्याच्या चिपचा २एफ. तक्त्यात ५१ असा आकडा दिसला, तर त्याचा अर्थ चिप आहे, हाकेला ओ देते, पण तिला सांभाळणारं कुणी नाही. त्या जागी दोनदा ‘यू’ दिसलं, म्हणजे यूयू, तर चालकाने ती ताब्यात घेतली, ओळख पूर्ण झाली. आणि तिथं काहीच नसेल, तर ओळी पुन्हा वाचा, मग मॉड्यूल नीट बसलंय का ते बघा. माझ्या पेटीत, नंतर गावी जाऊन बघितलं तेव्हा, ५१ होतं. वर्षभर ती चिप ओ देत होती.

ओळख झाल्यावरही घड्याळात वेळ भरावी लागते. नेट चालू असताना, म्हणजे मशीनला खरी वेळ माहीत असताना, एचडब्ल्यूक्लॉक या कमांडने ती चिपमध्ये लिहायची. चिपमध्ये जागतिक प्रमाणवेळ ठेवायची आणि भारताची वेळ दाखवण्याचं काम टाइम झोनवर सोपवायचं. पेटी गावी राहणार असेल तर झोन आशिया कोलकाता ठेवा, लंडन नको. नाहीतर मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटी इकडची घड्याळं सरकली की तिकडच्या मुद्रणाच्या वेळाही तासाने सरकतील, आणि मध्यरात्रीच्या आसपासची तारीखही.

काही आवृत्त्यांत फेक एचडब्ल्यूक्लॉक नावाची एक तडजोड आधीच बसवलेली असते. ज्या बोर्डांवर घड्याळ नाही त्यांच्यासाठी ती शेवटची वेळ लिहून ठेवते आणि सुरू होताना तीच धरते. आत्याच्या घरी मंगळवार दोन दिवस लांबला, तो हिच्यामुळे. खरं घड्याळ चालू झालं की हिला काढून टाका.

तुम्ही विचाराल, चार आठवडे लंडनला चालवली तेव्हा हे कसं लक्षात आलं नाही? कारण आमच्या घरी नेट कधी गेलंच नाही. सुरू झाल्याझाल्या पेटी इंटरनेटवरून वेळ घ्यायची, आणि घड्याळ बरोबर दिसायचं. चूक होतीच, फक्त नेटच्या आड लपली होती. आपण पेटी तपासतो ती आपल्या सोयीच्या घरात, आणि ठेवतो ती दुसऱ्याच्या घरात.

बटणाबद्दल थोडक्यात. आयओ बोर्डावर चाळीस पिनांची रांग आहे. बटणाची एक वायर एका जीपीआयओ पिनेला, दुसरी ग्राउंडला. आत एक बारीक रोध असतो, तो चालू करून ठेवला की बटण न दाबता पिनेवर वरची पातळी राहते, दाबलं की शून्य होते. या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. शेजारीच ५ व्होल्टची पिन आहे. तिची वायर चुकून जीपीआयओला लागली तर पिन जळते, आणि कधी कधी तिच्याबरोबर मॉड्यूलही जातं. वायर लावण्याआधी पिना पहिल्या क्रमांकापासून मोजा, अंदाजाने लावू नका.

आणि फाईलचं नाव. घड्याळ कितीही चांगलं असलं तरी त्याच्यावर सगळा भार टाकू नका. बटण सेल कधीतरी संपते. आता माझ्या पेटीत नावामध्ये तारीख, वेळ आणि वाढत जाणारा अनुक्रमांक असतो, आणि त्या नावाची फाईल आधीपासून असेल तर नवी फाईल वेगळं नाव घेते, जुनीला हात लावत नाही. शाळेच्या वहीत खोडरबर वापरू नका म्हणायचे, तसं. हा नियम पहिल्या दिवशी लिहिला असता, तर घड्याळ चुकूनही ओव्या वाचल्या असत्या.

आता, पेटी विमानात चढण्याआधीची रंगीत तालीम. कागदावर लिहून घ्या.

एक, नेटची वायर काढा, वायफाय बंद करा, मग वीज काढा. किमान एक रात्र तशीच ठेवा. सकाळी नेट न जोडता वीज द्या, आणि पडद्यावर तारीख बघा. आजची असली तर घड्याळ खरंच चालतंय. कालची असली तर नाही, बाकी काही ऐकू नका.

दोन, त्याच अवस्थेत बटण दोनदा दाबून दोन मुद्रणं करा. दोन वेगळ्या फाईली झाल्या पाहिजेत, आणि जुन्या सगळ्या जागेवर असल्या पाहिजेत.

तीन, मुद्रण चालू असताना सरळ प्लग ओढा. गावी वीज विचारून जात नाही. पुन्हा सुरू केल्यावर पेटी कुणी काही न करता उभी राहते का, आधीचं मुद्रण शाबूत आहे का, ते बघा.

चार, नेट जोडा आणि साठलेली सगळी मुद्रणं इकडे येतात का बघा, फक्त शेवटचं नाही.

पाच, वायफाय वापरणार असाल तर देश भारत करून ठेवा आणि तिकडच्या राउटरचं नाव व पासवर्ड आधीच भरून ठेवा. शक्य असेल तर सरळ वायरच जोडा. वायरला पासवर्ड लागत नाही, आणि राउटर बदलला तरी कुणाला काही भरावं लागत नाही.

आणि सहा, घरातल्या दुसऱ्या माणसाला, ज्याने पेटी केली नाही त्याला, ती खोक्यातून काढून जोडायला सांगा. त्याने एकही प्रश्न विचारला, तर त्याचं उत्तर मराठीत, मोठ्या अक्षरांत, पेटीवर चिकटवा.

नव्याने घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. नोव्हेंबर २०२४ मध्ये सीएम५ आलं. त्याच्या आयओ बोर्डाला टाइप-सीने वीज देतात आणि एनव्हीएमई साठवण सरळ बोर्डावर बसते. मी आज सांगितलेल्या ओळी सीएम४ च्या आहेत, त्या जशाच्या तशा तिकडे उतरवू नका. पण प्रश्न तोच विचारायचा: या बोर्डावर काय काय आहे, त्यातलं कोण स्वतः बोलतं, आणि कोणाची ओळख मला करून द्यायची आहे? बोर्ड हातात आला की आधी कागदावर दोन रकाने करा आणि प्रत्येक वस्तू एकात लिहा. दुसऱ्या रकान्यातल्या प्रत्येक नावापुढे फाईलमधली ओळ आणि तपासल्याची खूण असली पाहिजे.

दिवाळीत मी गावी गेलो. पेटी उघडली, दोन ओळी लिहिल्या, वेळ भरली. दहा मिनिटांचं काम. आत्या शेजारी बसून बघत होती. मी तिला सगळं खरं सांगितलं. ती म्हणाली, ‘म्हंजी तुझ्या डब्याला आज कुठला वार हाय, त्ये बी कळत न्हवतं व्हय?’ मग हसली. मला हसू आलं नाही.

त्या रात्री तिने पुन्हा ओव्या म्हटल्या. वीस-बावीस मिनिटं झाल्या. लग्नाच्या बऱ्याच आठवल्या, माहेरच्या काही, सासरच्या थोड्या. मध्येच थांबून म्हणाली, त्या दिवशी पावसात कशा भरभर आठवत गेल्या होत्या, आता न्हाई येत. जे आलं ते आता तीन ठिकाणी आहे: पेटीत, माझ्याकडे, आणि पुण्याला आतेबहिणीकडे.

तर मंडळी, येत्या सुट्टीत तुमच्यापैकी कुणी अशी पेटी घेऊन निघणार असाल, तर बॅग भरण्याच्या आदल्या रात्री तिची वीज आणि नेट काढून ठेवा, आणि सकाळी पहिली तारीख बघा. काही अडलं तर कार्यक्रमाकडे लिहून पाठवा, माझ्या अकलेप्रमाणे उत्तर देईन. पुढच्या रविवारी पुन्हा भेटू, याच वेळी. तोवर गावी एक फोन करा. नमस्कार.